ताटातली प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ: प्रमाण बसवण्याचा योग्य क्रम

मोबाइलवर कुठेतरी कर्बोदके-प्रथिने-स्निग्ध पदार्थांच्या टक्केवारीचे ‘४०-३०-३०’ असे आकडे वाचायचे, दुसऱ्या दिवसापासून पोळी बंद करायची, प्रथिनांच्या पावडरचा डबा आणायचा आणि पंधरा दिवसांत कंटाळून पुन्हा जुन्या ताटावर यायचे. असे करणारी माणसे आळशी नसतात. त्यांचा क्रम चुकतो. टक्केवारी ही शेवटी तपासायची गोष्ट आहे, सुरुवात तिथून होत नाही. आधी प्रथिने ग्रॅममध्ये ठरतात, मग तेल-तूप ठरते आणि उरलेल्या जागेत धान्य, म्हणजे मुख्यतः कर्बोदके, बसते. या क्रमाने गेलात तर घरच्याच वरण-भाकरीत प्रमाण बसते, वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

खालचे टप्पे निरोगी प्रौढ माणसासाठी आहेत. उदाहरणे महाराष्ट्रातल्या रोजच्या जेवणाची घेतली आहेत.

आधी हे वाचा: कोणत्या लोकांनी स्वतःच्या मनाने बदल करू नये

मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) वाढलेले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर औषधाचा डोस तोच ठेवून भात-पोळी एकदम कमी करणे धोक्याचे आहे, साखर झपकन खाली जाते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांची गरज वेगळी असते. वाढत्या वयाच्या मुलांना हे गणित लावू नका.

## तयारी: वजनकाटा, वही आणि घरातल्या वाट्या

स्वयंपाकघरात चालणारा छोटा डिजिटल वजनकाटा लागेल. त्याच्याशिवायही काम होते, पण पहिले दोन आठवडे काटा असला की डोळ्यांना अंदाज येतो आणि नंतर त्याची गरज उरत नाही.

पहिले काम वाट्या मोजण्याचे. ‘एक वाटी डाळ’ या शब्दांना तसा काही अर्थ नाही. एका घरातली आमटीची वाटी १०० मिलीची असते, दुसऱ्या घरातली २०० मिलीची. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलीची वाटी. मग त्याच वाटीत कोरडी तूरडाळ, तांदूळ, पोहे, कणीक एकेकदा भरून वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तेल वाढायची पळी आणि चहाचा चमचा यांचेही असेच मोजमाप घ्या. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

दुसरा नियम: सगळे वजन कच्च्या, कोरड्या पदार्थाचे. शिजल्यावर डाळ-तांदळाचे वजन अडीच-तीन पट होते, आणि ती वाढ फक्त पाण्याची असते. डब्यावर किंवा तक्त्यात ‘तूरडाळ १०० ग्रॅम, प्रथिने २२ ग्रॅम’ असे लिहिलेले असते ते कोरड्या डाळीचे. ते वाचून कोणी १०० ग्रॅम शिजलेल्या वरणाला २२ ग्रॅम लावतो आणि आपले भागले असे समजतो. सर्वांत जास्त लोक चुकतात ते इथेच.

पोळीचे वजन कसे काढायचे: मळण्याआधी कोरडी कणीक मोजा. ३०० ग्रॅम कणकेच्या १२ पोळ्या झाल्या तर एक पोळी २५ ग्रॅमची. भाकरीचेही तसेच. बहुतेक घरांत एक ज्वारीची भाकरी ६० ते ८० ग्रॅम पिठाची निघते, म्हणजे एका भाकरीत अडीच-तीन पोळ्या. ‘दोन पोळ्यांऐवजी दोन भाकऱ्या’ केल्यावर वजन का वाढले, याचे उत्तर इथेच सापडते.

## टप्पा १: तीन दिवसांची खरी नोंद

काहीही न बदलता तीन दिवस जे खाता ते लिहा. दोन कामाचे दिवस आणि एक रविवार घ्या. चहातली साखर, चाखून पाहिलेली चिवड्याची मूठ, मुलाच्या ताटात उरलेले, सगळे लिहा. या तीन दिवसांत शहाणपणाने खाऊ नका. नोंद सुधारलेल्या ताटाची झाली तर पुढच्या टप्प्यांना पायाच राहत नाही.

नोंद पाहिल्यावर बहुतेक घरांत एकच चित्र दिसते: धान्य भरपूर, डाळ पातळ, तेल अंदाजाने. आयसीएमआर-इंडियाब या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहावरच्या देशभरच्या पाहणीत भारतीयांना सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते असे आढळले. आपले ताट त्याहून फार वेगळे असेल असे धरून चालू नका.

## टप्पा २: प्रथिनांचा आकडा ग्रॅममध्ये ठरवा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेली शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने अशी आहे. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. जेवण मुख्यतः धान्य-डाळींचे असेल, दूध-अंडी-मासे कमी असतील, तर सरळ किलोमागे १ ग्रॅम धरा. हिशेबालाही सोपे जाते.

वजन खूप जास्त असेल तर काट्यावर दिसणारा आकडा धरू नका. उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, त्यातून १०० वजा करा आणि येईल ते वजन हिशेबाला वापरा. १५५ सेंटिमीटर उंचीला ५५ किलो, म्हणून ५५ ग्रॅम प्रथिने. हा ढोबळ अंदाज आहे, पण कामाला पुरेसा आहे.

तपासणी: नोंदवहीतल्या तीन दिवसांची सरासरी आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहा. फरक १० ग्रॅमचा असेल तर एका बदलात भागेल. २० ग्रॅमच्या पुढे असेल तर बदल दोन-तीन आठवड्यांत पसरा.

## टप्पा ३: प्रथिने तिन्ही जेवणांत वाटा

हा टप्पा घाईने उरकू नका. खरी मेहनत इथेच आहे.

चौघांच्या घरात एका वेळच्या आमटीला एक वाटी तूरडाळ लावतात. ती वाटी १२० ग्रॅमची धरली तर माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ येते, म्हणजे साडेसहा ग्रॅम प्रथिने. आमटी पातळ असली आणि वरचेवर पाणीच वाढले गेले तर तेवढीही पोटात जात नाहीत. ‘आम्ही रोज आमटी खातो’ हे म्हणणे खरेच असते. पण त्या आमटीने दिवसाच्या गरजेचा जेमतेम आठवा हिस्सा भागतो.

साधारण १० ग्रॅम प्रथिने कशातून मिळतात, हे पाठ करून ठेवा:

- तूरडाळ, मूगडाळ, मसूर, मटकी किंवा चवळी: ४५ ग्रॅम कोरडी
- बेसन: ४५ ते ५० ग्रॅम, म्हणजे एका माणसाला पोटभर पिठले
- अंडी: दोन (यातून १२ ग्रॅमच्या आसपास)
- पनीर: ५५ ग्रॅम
- दूध किंवा दही: ३०० ग्रॅम
- मासा किंवा चिकन: काटे-हाडे सोडून ५० ग्रॅम कच्चे
- सोयाबीनच्या वड्या: २० ग्रॅम कोरड्या
- शेंगदाणे: ४० ग्रॅम, पण त्यासोबत १६ ग्रॅम तेलही येते

शेवटची ओळ नीट वाचा. शेंगदाण्यात प्रथिने आहेत हे खरे, पण ४० ग्रॅम शेंगदाण्याचे सव्वादोनशे उष्मांक (कॅलरी) होतात. प्रथिनांची सगळी भिस्त शेंगदाणे-बदामांवर ठेवली तर स्निग्ध पदार्थांचा हिशेब कोलमडतो. मूठभर खा, आधार डाळी-उसळींचा ठेवा.

कोकणात आणि गोव्यात मासे असले की प्रथिनांची चिंता नाही असे मानतात. ताटात मासा किती आणि भात किती ते बघा. मध्यम बांगड्याचे डोके आणि काटे गेले की हाताशी उरते ते मोजा. कालवणाच्या रसासोबत दोन मुदी भात जात असेल तर ते जेवण भाताचेच. शिवाय सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थीला मासे बंद असतात. त्या दिवशी त्यांची जागा कोण घेते? बहुतेक घरांत बटाट्याची भाजी. मासे खायच्या दिवसांइतकेच लक्ष त्या दिवसांकडे द्या.

वाटणी अशी करा: नाश्त्याला १० ते १५ ग्रॅम, दुपारी २०, रात्री १५ ते २०, उरलेले मधल्या वेळेत. नाश्ता हा सगळ्यांत कच्चा दुवा. ५० ग्रॅम पोह्यांत साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात. उपमा, शिरा, टोस्ट-चहा यांचीही हीच गत. पोहे सोडायची गरज नाही. त्यात १५ ग्रॅम शेंगदाणे घाला, सोबत वाटीभर दही घ्या, १० ग्रॅमपर्यंत पोचता. मूगडाळीचे धिरडे, थालीपीठ-दही, मोड आलेल्या मटकीची मिसळ (तर्री आणि फरसाण बेताने), दोन अंडी-पोळी हे त्याहून सोपे मार्ग. थालीपिठाच्या भाजणीत हरभराडाळ आणि उडीद असतात म्हणून ती नुसत्या पिठापेक्षा वरचढ.

धान्य आणि डाळ एकाच दिवसात एकत्र यावी. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन धान्यात कमी, मेथिओनिन डाळीत कमी. दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरते. कच्च्या वजनात तीन भाग धान्याला एक भाग डाळ, हे प्रमाण लक्षात ठेवा. ते एकाच घासात साधायची गरज नाही, दिवसभरात आले की झाले.

घरातल्या वयस्करांकडे वेगळे बघा. दात नाहीत, भूक कमी, म्हणून रात्री मऊ भात आणि कपभर दूध एवढ्यावर त्यांचे जेवण संपते. स्नायू झिजायच्या वयात प्रथिने सगळ्यांत कमी, असे होते. आजी-आजोबांना उसळ चावत नसेल तर मिक्सरमधून फिरवलेली मुगाची आमटी, घट्ट वरण, मऊ पिठले, कुस्करलेले पनीर, दही, चालत असेल तर उकडलेले अंडे द्या. त्यांच्या ताटातला भात दोन घास कमी करून वरण दोन पळ्या वाढवा.

सावधान: उसळी एकदम वाढवल्या की पोट फुगते आणि माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो. कडधान्य आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, पूर्ण मऊ शिजवा, हिंग-आले घाला. पहिल्या आठवड्यात रोजच्या ताटात १५ ग्रॅम कोरडे कडधान्यच वाढवा. पाणीही जास्त प्या.

मोड आलेल्या कडधान्याचा घोळ: मटकीला मोड आले की वजन दुप्पट होते. बाजारातून मोड आलेली १०० ग्रॅम मटकी आणलीत तर तिला कोरड्या मटकीचा आकडा लावू नका, अर्ध्याहून कमी धरा.

## टप्पा ४: तेल-तुपाचा हिशेब बाटलीवरून करा

एक ग्रॅम प्रथिनांतून ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम कर्बोदकांतून ४, आणि एक ग्रॅम तेल-तुपातून ९. म्हणून हात इथे जरा सैल सुटला की सगळे प्रमाण हलते. १५ मिलीच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० उष्मांक असतात. दीड पोळीइतके.

माणशी तेल रोज मोजणे शक्य नाही. फोडणी एकत्र पडते, पोळीला वेगळे लागते, तव्यावर वेगळे. त्यापेक्षा रविवारी सकाळी तेलाची बाटली आणि तुपाचे भांडे काट्यावर ठेवा, वजन लिहा. पुढच्या रविवारी पुन्हा. जे कमी झाले त्याला घरातल्या माणसांनी आणि ७ ने भागा. ५०० ग्रॅम तेल गेले आणि माणसे चार असतील तर माणशी रोज १८ ग्रॅम.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० उष्मांकांच्या ताटात वरून घालायच्या तेल-तुपाला २७ ग्रॅम दिले आहेत. बैठे काम असेल आणि एकूण गरज १६०० ते १७०० उष्मांकांची असेल तर २० ग्रॅमच्या आसपास थांबा. यात पोळीचे तूप, ब्रेडचे लोणी, वरणावरची तुपाची धार सगळे आले.

आणि न दिसणारे? दुधातली साय, शेंगदाण्याचे कूट, तीळ, ओले खोबरे, सुक्या खोबऱ्याचे वाटण. खोबऱ्याला भाजीत जमा करायची सवय आहे, पण ओल्या खोबऱ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तेलच असतो, आणि तेही मुख्यतः संपृक्त (सॅच्युरेटेड). मालवणी कालवण किंवा कोल्हापुरी रस्सा असेल त्या दिवशी फोडणीचे तेल निम्मे करा. वाटण परतताना तेल सुटतेच.

तेल सगळे एकच ठेवू नका. शेंगदाणा, करडई, मोहरी, सूर्यफूल यांतले दोन आलटून-पालटून वापरा. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत जवसाची चटणी असतेच; ती ताटात रोज चमचाभर यावी, कारण शाकाहारी माणसाला ओमेगा-३ हे गरजेचे स्निग्ध आम्ल मिळायचे सोपे साधन तेच. मासे खाणाऱ्यांना बांगडा-तारलीतून ते मिळते. एकदा तळणाला वापरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

उलटी चूक: काही जण तेल जवळजवळ बंदच करतात. पाण्यात शिजवलेली भाजी, कोरडी पोळी. चव जाते, पोट भरल्यासारखे वाटत नाही, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषून घ्यायला थोडे तरी तेल लागतेच. एकूण ऊर्जेच्या २० टक्क्यांच्या खाली जाऊ नका.

## टप्पा ५: उरलेल्या जागेत धान्य बसवा

आता धान्य. प्रथिने वाढवली आणि धान्य तेवढेच ठेवले तर प्रमाण सुधारते, पण वजन वाढते. म्हणून नवीन उसळीची वाटी ताटात आली की कोणीतरी उठले पाहिजे. ४० ग्रॅम मटकी आली तर एक पोळी आणि भाताचे दोन-तीन घास कमी, असा व्यवहार ठेवा.

ताट वाढायचा क्रमही बदला. आधी उसळ किंवा घट्ट वरण, मग भाजी आणि कोशिंबीर, शेवटी पोळी किंवा भाकरी. भात हवा असेल तर पोळी एक कमी करून घ्या; दोन्ही पूर्ण घेऊ नका. ‘पोळी झाली, आता वरण-भात’ या सवयीत रोजचे ६०-७० ग्रॅम तांदूळ नकळत जातात.

ज्वारी, बाजरी, नाचणी यांत तंतुमय भाग जास्त, म्हणून भूक लवकर लागत नाही. मात्र त्या कर्बोदकेच आहेत. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला सत्तरीच्या आसपास ग्रॅम कर्बोदके असतात, कणकेपेक्षा कमी नाहीत. भाकरी चांगली म्हणून तीन खाल्ल्या तर हिशेब तिथेच बिघडतो.

बटाटा, रताळे, साबुदाणा हे धान्याच्या खात्यात लिहा. बटाट्याची भाजी आणि पोळी म्हणजे कर्बोदकांसोबत कर्बोदके. साखर-गूळ मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा. दोन चमचे साखरेचे तीन चहा झाले की तेवढी संपते.

## टप्पा ६: आता टक्केवारी काढा

राष्ट्रीय पातळीवरच्या शिफारशींचा ढोबळ पट्टा असा: कर्बोदके ५० ते ६० टक्के, प्रथिने १० ते १५, स्निग्ध पदार्थ २० ते ३०. टक्के उष्मांकांचे काढायचे, वजनाचे नाहीत.

५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या शाकाहारी बाईचा एक दिवस घेऊ. सगळी वजने कच्ची:

सकाळी: पोहे ५० ग्रॅम, शेंगदाणे १५, तेल ५, दही १०० ग्रॅम.
दुपारी: कणीक ६० ग्रॅमच्या पोळ्या, मटकी ४० ग्रॅमची उसळ, भाजी १५० ग्रॅम, तेल ८, १०० ग्रॅम दह्याचे ताक.
संध्याकाळी: १०० मिली दुधाचा, ५ ग्रॅम साखरेचा चहा, फुटाणे २५ ग्रॅम, एक फळ.
रात्री: ज्वारीची भाकरी ६० ग्रॅम, तूरडाळ ३५ ग्रॅमचे घट्ट वरण, पालेभाजी १५० ग्रॅम, तांदूळ ३०, तेल ७.

बेरीज: प्रथिने ५८ ग्रॅम, कर्बोदके २४९, स्निग्ध पदार्थ ४४.

उष्मांक: ५८ × ४ = २३२. २४९ × ४ = ९९६. ४४ × ९ = ३९६. एकूण १६२४.

टक्के: प्रथिने १४, कर्बोदके ६१, स्निग्ध पदार्थ २४.

हेच टक्के वजनावर काढले असते तर स्निग्ध पदार्थ साडेबारा टक्के दिसले असते, आणि ‘तेल फारच कमी आहे’ असा उलटा निष्कर्ष निघाला असता. मोबाइलवरच्या अॅपमध्ये गोल आकृती दिसते ती ग्रॅमची आहे की उष्मांकांची, हे आधी बघा.

कर्बोदके पट्ट्याच्या किंचित वर आहेत. रात्रीचा ३० ग्रॅम भात काढा, त्याऐवजी १५ ग्रॅम शेंगदाण्याची चटणी द्या. प्रथिने ६०, कर्बोदके २२८, स्निग्ध पदार्थ ५०. एकूण १६०० च्या आसपास, टक्के १५, ५७ आणि २८. एका पदार्थाच्या अदलाबदलीने ताट पट्ट्यात आले. उरलेल्या एक-दोन टक्क्यांच्या मागे लागू नका. डाळीच्या पोत्यापोत्यात तेवढा फरक असतो. आठवड्याची सरासरी पट्ट्यात असली की पुरे.

## टप्पा ७: किराण्याची यादी दुरुस्त करा

नोंदवही महिन्याभरात कंटाळवाणी होते. किराण्याची यादी मात्र दर महिन्याला करावीच लागते, म्हणून प्रमाण त्या यादीत बसवा.

राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२४ चे ताट माणशी रोज धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५, तेलबिया-सुकामेवा ३५, तेल-तूप २७ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, भाज्या ४०० ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम असे आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला हे असे येते: धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये १० किलो, शेंगदाणे-तीळ-जवस वगैरे चार किलो, तेल-तूप मिळून साडेतीन लिटर.

आता तुमची यादी काढा. डाळी-कडधान्ये मिळून किती आहेत? तीन-चार किलो असतील, आणि घरात अंडी-मासे-मटण फारसे होत नसेल, तर कुठे कमी पडते ते दुसरीकडे शोधायला नको. अंडी-मासे नियमित असतील तर डाळ त्या मानाने कमी चालते. तेल पाच-सहा लिटर येत असेल तर तेही तिथेच दिसते. घरात सगळ्यांची गरज २००० उष्मांकांची नसते, म्हणून हे आकडे कमाल मर्यादेसारखे वापरा, पण त्यातले गुणोत्तर सांभाळा: धान्य तीन, डाळी एक.

डाळ महाग पडते ही तक्रार रास्त आहे. मसूर, मटकी, हरभरे, चवळी यांतले जे त्या महिन्यात स्वस्त असेल ते घ्या. फुटाणे आणि सोयाबीनच्या वड्या प्रथिनांच्या मानाने स्वस्त पडतात. पावडरच्या डब्याची गरज फार थोड्यांना असते.

## टप्पा ८: उपवास आणि बाहेरचे जेवण

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र असे दिवस महिन्यात बरेच येतात. ७५ ग्रॅम साबुदाण्यात ६५ ग्रॅम कर्बोदके आणि प्रथिने जवळजवळ शून्य. खिचडीत जे काही प्रथिन असते ते दाण्याच्या कुटाचे. उपवास सोडू नका, पदार्थ बदला: भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, दही, दूध, चालत असेल तर पनीर. साबुदाणा करायचाच असेल तर निम्मा करा, सोबत मोठी वाटी दही घ्या. वेफर्स आणि तळलेले वडे हा उपवासातला तेलाचा सर्वांत मोठा मार्ग आहे.

बाहेर जेवताना थाळीत डाळ-उसळ दुसऱ्यांदा मागा, पोळी-पुरी पहिल्यांदाच कमी सांगा. लग्नाच्या पंगतीत हिशेब करू नका; दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर या. त्या दिवसाची भरपाई म्हणून उपाशी राहिलात तर संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडतोच.

## टप्पा ९: काय, कधी तपासायचे

पहिल्या आठवड्यात फक्त नाश्ता बदला. दुसऱ्यात दुपारचे जेवण, तिसऱ्यात तेल, चौथ्यात रात्रीचे जेवण. सगळे एकदम बदलले तर घरातले वैतागतात आणि काय मानवले, काय नाही हेही कळत नाही.

वजन रोज बघू नका. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. त्याच वेळी बेंबीच्या रेषेत कमरेचा घेर मोजा. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात. वजन तेच राहून घेर कमी होत असेल तर ताट योग्य मार्गावर आहे.

दुपारी चारला काहीतरी गोड हवेच असे वाटत असेल तर दुपारच्या जेवणातली प्रथिने पुन्हा मोजा. शौचाला कडक होत असेल तर भाजी ४०० ग्रॅमच्या जवळ आहे का ते बघा. प्रथिनांच्या नादात भाजी मागे पडली असण्याची शक्यता जास्त. सतत थकवा आणि चिडचिड होत असेल तर धान्य गरजेपेक्षा जास्त कापले गेले असावे, एक पोळी परत घ्या.

तीन महिन्यांनी, विशेषतः मधुमेह किंवा कोलेस्टेरॉलचा त्रास घरात असेल तर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची चाचणी) करून घ्या. अहवालासोबत नोंदवहीतली त्या पहिल्या तीन दिवसांची पानेही डॉक्टरांना दाखवा. नुसत्या अहवालावरून कोणते ताट बदलले हे त्यांना कळू शकत नाही.